तळघरात किती जण होते

गेल्या वर्षी आमच्या शेजारचं घर पाडलं. नागपूरच्या प्रताप नगरात आता हे नेहमीचंच झालं आहे. म्हातारे मालक जातात, मुलं पुण्याला किंवा परदेशात असतात, आणि बैठ्या घराच्या जागी फ्लॅट स्कीम उभी राहते. मला दुसरा उद्योग नाही, म्हणून मी गॅलरीत खुर्ची टाकून पाडकाम बघत बसायचो. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मशीननं समोरची भिंत ओढून पाडली आणि आतली खोली उघडी पडली. निळा रंग, दोन खुंट्या, कॅलेंडर लावायच्या जागी एक फिकट चौकोन. मग धुळीचा लोट आमच्याकडे आला. चुन्याचा, कुजक्या लाकडाचा, फुटलेल्या नळाच्या पाण्याचा असा मिळून एक वास होता त्याला. मी उठलो, कसाबसा बाथरूमपर्यंत गेलो आणि सकाळचा सगळा नाश्ता ओकलो.

सून धावत आली. "बाबा, काय झालं? पित्त झालं का?"

"धूळ गेली घशात," मी म्हणालो.

धूळ गेलीच होती, पण तेवढंच नव्हतं. असा वास मला आयुष्यात एकाच ठिकाणी आला होता. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आज एक्याण्णव वर्षांचा आहे.

घरात सगळ्यांना माहीत आहे की मी महायुद्धात इटलीत लढलो. नातवंडं लहान असताना त्यांना गोष्टी सांगायचो. त्या सगळ्या खेचरांच्या असायच्या. चिखलात बसलेलं खेचर काही केल्या उठत नाही आणि शेवटी सुभेदार साहेब त्याच्यापुढे हात जोडतात, ही मुलांची आवडती. जहाजाची, पहिल्यांदा पाहिलेल्या बर्फाची, आणि आम्ही द्राक्षं समजून कच्चे ऑलिव्ह खाल्ले त्याचीही. त्या गोष्टी खऱ्या होत्या. मात्र त्यांत कोणी मरत नव्हतं.

माझा डावा कान तिथेच गेला. मुलं त्या कानात ओरडून बघायची आणि हसायची.

मी सैन्यात गेलो तो काही मोठ्या कारणासाठी नव्हे. आमचे कोणी पूर्वज राजांच्या फौजेत होते असं घरात सांगायचे, पण माझे वडील कचेरीत नक्कलनवीस होते आणि मीही तेच व्हावं ही त्यांची इच्छा. मॅट्रिकला मी गणितात नापास झालो. घरी तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून सायकलवर कामठीला गेलो आणि भरती झालो. दीड वर्षानं मी इटलीत होतो.

तिथे मला कन्हान भेटला. त्याचं नाव वेगळं होतं, पण नागपूरजवळच्या त्याच्या गावावरून मी त्याला आयुष्यभर कन्हानच म्हणालो आणि तो मला नागपूर. एका गावाबाहेर मोडक्या गोठ्यात मलमपट्टीची जागा केली होती. पायाला फोड आले म्हणून मी तिथे गेलो. फिल्ड ॲम्ब्युलन्सचा एक काळासावळा, रुंद खांद्यांचा जवान एका जखमीच्या पायाला पट्टी बांधत होता. जखमी पंजाबी होता. हा त्याच्याशी हिंदीत गोड बोलत होता आणि मान वळवून स्वतःशी पुटपुटत होता, "काहून बोंबलून राहिला बाप्पा, झालंच न आता."

मी दारातच थांबलो. पाच महिन्यांत अशी बोली कानावर पडली नव्हती. आमच्या पलटणीत बहुतेक सगळे सातारा-कोल्हापूरकडचे, आणि माझ्या बोलण्याला हसणारे.

"कुठला गा तू?" मी विचारलं.

त्यानं वर पाहिलं. "कन्हानचा. अन् तू?"

"नागपूर."

"मंग त तू घरचाच झाला," तो म्हणाला. "बस तिकडं. पाय काढ."

दुसऱ्या दिवशी बोलता बोलता तो कोणत्या वस्तीत राहतो हे त्यानं आपण होऊन सांगितलं, म्हणजे जात सांगितली. मी म्हणालो, इथे काय आहे त्याचं. हे म्हणताना आपण फार मोठं काही केलं असं मला वाटलं होतं. तो फक्त "बरं" म्हणाला.

तो जखमींना उचलणाऱ्यांपैकी होता. आम्ही बंदुका घेऊन पुढे जायचो आणि ते चौघे-पाच जण रिकामं स्ट्रेचर घेऊन मागून यायचे. त्याच्या हातात कधी हत्यार नव्हतं. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत का. म्हणाला, "वाटते न. पन तुले पळा लागते, गोळी मारा लागते, मले फक्त उचला लागते. माझं काम सोपं हाये."

आता त्या घराबद्दल.

तीन दिवस पाऊस होता. एका डोंगराच्या धारेवर सात-आठ दगडी घरांचं गाव होतं आणि ते घ्यायचं होतं. पहाटे आमच्या तोफांनी त्याच्यावर मारा केला आणि उजाडता उजाडता आम्ही चढू लागलो. चिखल इतका, की एक पाय उचलला की दुसरा आत जायचा. आमच्या सेक्शनमध्ये आठ जण होते. वर पोचेपर्यंत पाच उरलो. पहिल्याच घराच्या माडीवरून मशीनगन चालली होती. आमच्या ब्रेनगनवाल्यानं माडीच्या खिडकीवर गोळ्या झाडल्या आणि वरची गन गप्प झाली. आम्ही धावत आत घुसलो.

अर्धं छप्पर खाली आलं होतं. चुन्याची ओली धूळ, जळकं लाकूड, फुटलेल्या पिंपातलं पाणी. स्वयंपाकघर होतं ते. टेबलावर एक बशी जशीच्या तशी होती, तिच्यात धूळ साचली होती. कोपऱ्यात तळघराचं दार. हवालदार दाराच्या एका बाजूला उभा राहिला, मी दुसऱ्या. हवालदार साताऱ्याकडचा, चाळिशीतला माणूस, घरी दोन मुली. तो चांगला माणूस होता. आम्हाला शिकवलेले जर्मन शब्द त्यानं ओरडून म्हटले, हात वर करून बाहेर या. एकदा. दुसऱ्यांदा.

खालून कोणीतरी खोकलं.

तो जवान माणसाचा खोकला नव्हता. माझे वडील हिवाळ्यात सकाळी उठून ओसरीवर असे खोकायचे. छातीच्या तळातून, घरघर करत, संपता न संपणारं. मी हवालदाराकडे पाहिलं. त्यानं तो ऐकला की नाही, मला आजही माहीत नाही. मी तोंड उघडलं नाही. मग खालून गोळी आली आणि माझ्या डोक्याजवळ चौकटीची ढलपी उडाली. हवालदारानं मान हलवली. मी ग्रेनेडची पिन ओढली, मनात दोनपर्यंत मोजलं आणि तो पायऱ्यांवरून खाली सोडला.

आवाज मोठा झाला नाही. जमिनीखालचा आवाज दबलेला असतो. तो पायांना कळतो.

हवालदारानं मला माडीवर पाठवलं. वर मशीनगनवाला मरून पडला होता. मी खिडकीपाशी बसून समोरच्या घरावर नजर ठेवायची होती. अंगणात आमचा एक जण पडला होता, त्याच्यासाठी स्ट्रेचरवाले आले. खालून कण्हण्याचा आवाज येत होता म्हणून कन्हान टॉर्च घेऊन तळघरात उतरला. मला खिडकीतून अंगण दिसत होतं. बाकीचे आमच्या जखमीला घेऊन गेले, तरी कन्हान बाहेर आला नाही. कितीतरी वेळ आला नाही. शेवटी मी खाली उतरलो तेव्हा तो पायऱ्या चढून वर येत होता.

"किती?" मी विचारलं.

"दोन जर्मन. संपले."

"मी पाहून येतो."

तो दारात आडवा उभा राहिला. "नोको जाऊ. पाहासारखं काही नाही तिथं." आणि त्यानं मागे हात करून दार ओढून घेतलं.

मी गेलो नाही. त्यानं अडवलं म्हणून गेलो नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कोणी अडवावं म्हणूनच मी विचारलं होतं.

नंतर मी त्याला विहिरीपाशी पाहिलं. पाऊस चालू असताना तो बादलीनं पाणी काढून कोपरापर्यंत हात धूत होता.

त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी मॉर्टरचा गोळा आमच्या मागे पडला. मांडीत लोखंड गेलं आणि डाव्या कानातून रक्त आलं. स्ट्रेचर आधीच्या जखमीबरोबर खाली गेलं होतं. कन्हाननं मला पाठीवर घेतलं आणि चिखलाच्या त्या उतारावरून खाली आणलं. वाटेत दोनदा थांबला आणि आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या तोंडाला लावलं. मी घटाघटा प्यालो. पुढे दवाखाना, मग जहाज, मग घर.

लढाई संपली. मला सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. वर्षभरानं एका रविवारी दुपारी कन्हान आमच्या घरी आला, पत्ता विचारत विचारत. नवं धोतर, हातात संत्र्यांची पिशवी. मी त्याला पाहून बाहेर धावलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात आई दारात आली. तिनं त्याला गाव विचारलं, वस्ती विचारली. त्यानं सरळ सांगितलं. आई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "तहान लागली असेल," म्हणाली, आणि त्याला ओसरीच्या पायरीखाली उभं राहायला खुणावलं.

तो खाली उतरला, वाकला, ओंजळ केली. आईनं वरून धार धरली. तो प्यायला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "येतो गा नागपूर."

मी दाराला टेकून उभा होतो. पूर्ण वेळ उभा होतो. संत्री आईनं शेजारच्या गोठ्यात दिली.

नंतर दहाएक वर्षं तो आला नाही आणि मीही गेलो नाही. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपुरात लाखो लोक दीक्षेसाठी जमले होते. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची रांग संपत नव्हती. मी कचेरीच्या कामानं सायकलवर निघालो होतो, रस्त्याच्या कडेला थांबलो, आणि त्या गर्दीतून तो माझ्यासमोर आला. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कडेवर मुलगी. त्यानंच मला ओळखलं.

"पाय कसा हाये?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"थंडीत दुखतो."

"दुखनच." मग म्हणाला, "आता मी जीव घेनार नाही अशी शपथ घेतली गा. तसा मी कधी घेतलाच नव्हता." तो हसला. मला हसता आलं नाही.

त्यानंतर मी कन्हानला जाऊ लागलो, वर्षातून दोन-तीनदा. तो कोळसा खाणीच्या दवाखान्यात ड्रेसर होता. त्याच्या घरी जेवायचो. त्याच्या बायकोच्या हातची जवसाची चटणी मला फार आवडायची. घरी आईला सांगायचो, कचेरीचं काम आहे. ती गेल्यावर सांगायचीही गरज उरली नाही. कन्हान मात्र पुन्हा माझ्या घरी आला नाही. मी बोलवायचो, तो म्हणायचा, येईन. आमच्या गप्पा खाणीच्या, मुलांच्या शिक्षणाच्या, गुडघ्यांच्या. त्या घराचं नाव आम्ही पन्नास-साठ वर्षांत एकदाही काढलं नाही.

शेजारचं घर पाडलं त्या आठवड्यात मी जेवेनासा झालो. मुलगा म्हणाला, डॉक्टरला दाखवू. धरमपेठेतल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि वयाच्या मानानं उत्तम आहे असं सांगितलं. घरी येताना मी सुनेला म्हणालो, "मला कन्हानला नेशील का?"

"उद्या सुटीच आहे, जाऊ ना," ती म्हणाली. काही विचारलं नाही. माझी सून बँकेत अधिकारी आहे. लोकांना बोलायला वेळ द्यायची तिला सवय आहे.

मेट्रोच्या कामानं रस्ता खणून ठेवला होता. पोचायला दीड तास लागला. कन्हान त्याच्या मुलीकडे राहत होता. ही तीच, दीक्षेच्या दिवशी त्याच्या कडेवर असलेली. नर्स म्हणून नोकरी करून तीही आता निवृत्त झाली आहे. तिनं मला त्याच्या खोलीत नेलं आणि सुनेला घेऊन बाहेर बसली. तो खाटेवर पडून होता. खांदे तसेच रुंद, पण त्यांच्यावर मांस उरलं नव्हतं.

"आला का गा नागपूर," तो म्हणाला. "इकडून बस. तिकडचा तुझा कान गेला न."

मी खुर्ची फिरवून बसलो. तब्येतीचं विचारलं. मग म्हणालो, "मले एक विचारायचं होतं."

"विचार."

"त्या तळघरात किती जण होते?"

तो पंख्याकडे बघत राहिला. "कोनत्या?"

"तुले माहीत आहे कोणत्या."

"दोन. तेव्हाच सांगतलं होतं न."

"मी खोकला ऐकला होता."

बाहेर त्याची मुलगी सुनेला काहीतरी सांगत होती आणि दोघी हळू आवाजात हसत होत्या.

"सत्तर वर्सं झाली," तो म्हणाला. "आता काहून विचारून राहिला?"

मी त्याला शेजारच्या घराचं सांगितलं. तो वास सांगितला. गोठ्यात जखमींचं ऐकायचा तसंच त्यानं ऐकलं, मध्ये न बोलता.

"तीन होते," तो म्हणाला. "जर्मन दोघं पायऱ्यांपाशी होते, ते जागीच गेले. तिसरा घरचा मानूस होता. दारूच्या पिंपामागं बसला होता. म्हातारा. म्हातारा म्हंजे तेव्हा आपल्याले वाटला. साठेक वर्सांचा असन."

"मेला होता?"

"नाही. अर्धा घंटा होता. पोटात लागलं होतं. उचलला असता त पायरीवरच गेला असता. म्हनून बसलो त्याच्यापाशी. पानी मागे. पोटात लागल्यावर पानी देत नाहीत, पन मी दिलं. काहीतरी सांगून राहिला होता, मले काय समजते. मी आपला हाव, हाव म्हनत होतो. हात धरून ठेवला होता त्यानं."

मी विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?"

"तुले दुसऱ्या दिवशी अजून लढायचं होतं न. सांगतलं असतं त तू कुठंतरी हात आखडला असता, अन् मेला असता. मंग तुले उचलून आना लागलं असतं." तो किंचित हसला. "तसंही आनाच लागलं."

"कन्हान, खोकला आधी आला होता. गोळी नंतर आली. मधे वेळ होता. मी हवालदाराले सांगू शकलो असतो."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तो म्हणेल, लढाई होती, सोड, अशी माझी खात्री होती. मला तेच ऐकायचं होतं.

"हं," तो म्हणाला. "त्याचं मी काय सांगू. मी खाली होतो तेवढं मले माहीत हाये. वरचं तुझं तुले पाहा लागन."

आलोच आहे तर दुसरंही बोलावं असं वाटलं. "तू आमच्या घरी आला होता. पहिल्यांदा. संत्री घेऊन."

"ध्यानात हाये."

"माझी आई..."

"मायचं सोड गा," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "मायले कोनी सांगतलं होतं का मी तुझा कोन ते? तुले माहीत होतं. तू दाराले टेकून उभा होता. मी पानी पित होतो अन् मले वाटे, आता बोलन हा, आता बोलन." त्यानं श्वास घेतला. "ते लागलं."

"चुकलं माझं," मी त्याचा हात हातात घेऊन म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. "चुकलं."

एवढंच. माफ केलं असंही म्हणाला नाही, आणि माझा हात त्याच्या हातात होता तो काढलाही नाही. मुलगी चहा घेऊन आली. त्यानं तिला सांगितलं, "याले मी पाठीवर आनलं होतं बरं. दिसाले लहान, पन लय वजनी." ती म्हणाली, "माहीत आहे बाबा, शंभरदा सांगितलं." तिनं त्याला चमच्यानं चहा पाजला. निघताना मी पुन्हा येतो म्हणालो. तो म्हणाला, "ये. सुनेलेही आन."

परतताना कामठीजवळ वाहतूक अडली होती. सून म्हणाली, "बोलणं झालं का बाबा?" आणि मी तिला सगळं सांगितलं. खेचर नसलेली ही माझी पहिली गोष्ट. तिनं गाडी बंद केली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या माणसाचं वय किती होतं म्हणालात?"

"साठेक."

"म्हणजे ह्यांच्यापेक्षा लहान," ती म्हणाली.

माझा मुलगा तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. सत्तर वर्षं मी तो खोकला माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाचा समजून होतो. आता तो माझ्या मुलापेक्षाही लहान झाला. मुलगा सकाळी फिरायला निघाला, बुटाची नाडी बांधायला वाकला की मी बघत राहतो. खरं कळल्यावर मन हलकं होईल असं वाटलं होतं. उलट, आधी नुसता एक खोकला होता, आता त्याला हात आहेत, कोणाचातरी हात घट्ट धरून ठेवणारे. जेवण मात्र पूर्ववत झालं. शरीराला यातलं काही कळत नाही.

मुलाला सुनेनं सांगितलं असावं. एका रविवारी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "युद्धात असं होतंच बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी बरं म्हणालो. तो दुसरं काय म्हणणार होता.

पुन्हा कन्हानला जाणं झालं नाही. दीड महिन्यानं त्याच्या मुलीचा फोन आला. दुपारी जेवून झोपला तो उठलाच नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाला आम्ही गेलो, मी, मुलगा आणि सून. बुद्धविहारात माणसं मावत नव्हती. खाणीतले जुने कामगार होते, त्यानं पट्ट्या बांधलेले. सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. मी हात जोडले होते, पण पहिल्या ओळीला, जीवहत्येपासून दूर राहीन या ओळीला, माझं तोंड उघडलं नाही. मग लोक एकेक करून बोलले. त्याच्या मुलीनं माझ्याकडे बघून म्हटलं, "काका, तुम्ही दोन शब्द बोला."

मुलानं मला धरून उभं केलं. कन्हाननं मला पाठीवर आणलं ते मी सांगितलं. बाटलीतलं पाणी सांगितलं. तिथेच थांबता आलं असतं. लोक मान डोलवत होते. पण मी पुढे गेलो. तो माझ्या घरी आला तेव्हा त्याला पायरीखाली उभं करून ओंजळीत पाणी दिलं, आणि मी दाराला टेकून बघत होतो, हेही सांगितलं. माना डोलायच्या थांबल्या. माझ्या मुलालाही ते माहीत नव्हतं. त्याचा हात माझ्या दंडावर होता, तो तसाच राहिला.

तळघराचं बोललो नाही. तेवढी हिंमत झाली नाही, आणि ते माझं ओझं त्याच्यासाठी जमलेल्या लोकांपुढे उतरवू नये असंही वाटलं. म्हणून इथे लिहिलं आहे.

जेवणं झाल्यावर त्याची मुलगी आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आली. मी तिला म्हणालो, "तुझ्या बाबांनी ते पाण्याचं घरी सांगितलं असेलच."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचे, तुमच्याबद्दल ते नेहमी चांगलंच बोलायचे. हे आज पहिल्यांदा ऐकलं." तिनं गाडीचं दार धरून ठेवलं होतं. मी बसल्यावर ती वाकली आणि माझ्या उजव्या कानाशी हळूच म्हणाली, "नसतं सांगितलं तरी चाललं असतं, काका."

ती हे माझ्यासाठी म्हणाली की स्वतःसाठी, ते मला विचारायचं होतं. तोपर्यंत तिनं दार लावलं होतं आणि ती पाहुण्यांकडे परत निघाली होती.